जुन्या मालिका, नवा टीव्ही: आमच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. पूर्वी गिऱ्हाईक संच उचलून आणायचं आणि म्हणायचं, "आवाज आहे, चित्र नाही." आता माणूस मोकळ्या हातानं येतो, काउंटरवर मोबाईल ठेवतो आणि म्हणतो, "आईला ते जुनं 'टिपरे' लावून द्या की." बिघडलेलं काहीच नसतं, तरी माझा अर्धा दिवस यातच जातो. धाकटी मुलगी म्हणाली, बाबा एकदाच लिहून ठेवा, मी सगळ्यांना पाठवत जाईन. म्हणून हे. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरं माझी, मतंही माझीच.

जुन्या मालिका नेमक्या मिळतात कुठे?

मालिकेच्या नावाआधी वाहिनी आठवा. निम्मं काम तिथेच होतं, कारण बहुतेक ॲप वाहिन्यांची आहेत आणि ज्यानं त्यानं आपला जुना माल आपल्याच कोठारात ठेवलाय. घोळ होतो तो नावं बदलल्यामुळे. 15 ऑगस्ट 1999 ला सुरू झालेली अल्फा मराठी 2005 मध्ये झी मराठी झाली. म्हणजे 'आभाळमाया', 'वादळवाट', 'श्रीयुत गंगाधर टिपरे' यांची चौकशी आधी झी फाइव्हवर करायची. ई टीव्ही मराठीची 2015 मध्ये कलर्स मराठी झाली. ती आणि 2008 मध्ये आलेली स्टार प्रवाह, दोन्ही आता जिओहॉटस्टारच्या छपराखाली आहेत. हे ॲप फेब्रुवारी 2025 मध्ये दोन ॲप एकत्र करून झालं, त्यामुळे मोबाईलवर अजून जुनी चिन्हं दिसत असतील तर नवीन घालून घ्या.

दूरदर्शनच्या मालिकांसाठी प्रसार भारतीनं नोव्हेंबर 2024 मध्ये वेव्हज नावाचं ॲप काढलं. 'रामायण', 'महाभारत', 'हम लोग', 'शक्तिमान' ही मंडळी तिथे. शिवाय यूट्यूबवर दूरदर्शन सह्याद्रीचं आणि प्रसार भारतीच्या संग्रहाचं अधिकृत चॅनेल आहे. जुन्या मुलाखती, गाण्यांचे कार्यक्रम, नाटकांचे तुकडे असं बरंच काही तिथे सापडतं. माझ्या मते खरा खजिना मालिकांपेक्षा तोच.

शोधताना टाईप करू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी की जास्त यावर तासभर जातो आणि शेवटी "मिळत नाही" म्हणून लोक माझ्याकडे येतात. रिमोटवरचं माईकचं बटण दाबा आणि नाव सरळ मराठीत बोला.

एक सावधगिरी. यूट्यूबवर कुणीही चढवलेले भाग असतात, त्यातल्या काहींचं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं केलेलं असतं. चोरलेला माल ओळखणाऱ्या यंत्रणेला चकवायला ही युक्ती करतात. ओळखायचं कसं? बायकांचा पदर बघा. सगळ्या घरातल्या सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असेल, तर चित्र उलटं आहे.

पैसे भरावे लागतात का?

वेव्हजवर आणि यूट्यूबवर बरंचसं फुकट आहे. बाकी ॲपचं वर्षाचं वर्षाला भरा, पण भरल्यावर लगेच यूपीआय ॲपमध्ये जाऊन 'ऑटोपे' हा भाग उघडून बघा. तिथे त्या ॲपला दर वेळी पैसे कापायची परवानगी दिलेली दिसेल. नको असेल तर तिथल्या तिथे बंद करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या 24 तास आधी कळवावं लागतं, पण तो मेसेज कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत कुठं तरी बुडून जातो. आमच्याच घरी एका ॲपचे पैसे दोन वर्षं जात होते, आणि ते ज्या मोबाईलवर घातलं होतं तो मोबाईल मी कधीच विकला होता. दुसऱ्याला शहाणपण सांगणारा मी, त्यामुळे बायकोनं ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगितली.

आमचा टीव्ही जुना आहे, त्यावर चालेल का?

मागे एचडीएमआयचं भोक असेल तर टीव्हीवर ॲप चालवणारी स्टिक बाजारात मिळते ती लावा, वायफाय द्या, झालं. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन तोंडंच (एव्ही) असतील, म्हणजे डब्याचा टीव्ही असेल, तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआयचं एव्ही करून देतो. घेताना एवढंच बघा की तो उलटा, म्हणजे एव्हीचं एचडीएमआय करणारा नसावा. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या असतात.

आणि डब्याचा टीव्ही चालू असेल तर भंगारात घालू नका. जुनी मालिका त्याच्यावरच सगळ्यात चांगली दिसते. हे मी विकायला काही नसताना सांगतोय.

नव्या मोठ्या टीव्हीवर जुन्या मालिकांतली माणसं ठेंगणी आणि जाड का दिसतात?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर एका मिनिटात घर बदलून टाकतं.

जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन होता. म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. हल्लीचा पडदा सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर कडेपर्यंत ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशानं रुंद होते. ज्या अभिनेत्रीवर अख्खी पेठ फिदा होती ती अंगानं सुटलेली दिसते आणि घरातली तरुण पोरं म्हणतात, "हिच्यात काय बघायचात तुम्ही?" बिचारीचा काही दोष नाही. रिमोटवर 'पिक्चर साईझ' किंवा 'आस्पेक्ट' शोधा आणि 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते येऊ द्या.

बरोबर झालं की नाही हे तपासायला गोल वस्तू बघायची. भिंतीवरचं घड्याळ, हातातली बांगडी, दूरदर्शनचं फिरत येणारं चिन्ह. 'महाभारत' बघत असाल तर सुदर्शन चक्र बघा. ते अंड्यासारखं दिसत असेल तर अजून ताणलेलं आहे.

काळ्या पट्ट्यांवर मात्र भांडणं होतात. राजारामपुरीतल्या एका काकांनी मला सुनावलं होतं, "पंचावन्न इंचाचे पैसे भरलेत, पट्टे कशाला बघू?" त्यांना 'झूम' करून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन: सगळ्यांची डोकी कापली जातायत. जाणारच. झूम केलं की वरून-खालून मिळून पाव चित्र जातं. काही ॲपवर तर मालिका अशीच कापून चढवलेल्या आहेत. तिथे तुमचा रिमोट काही करू शकत नाही, माझाही नाही.

चित्र इतकं धुरकट का? टीव्ही तर फोर-के आहे.

म्हणूनच. आपल्याकडे जी पद्धत होती तिच्यात चित्राच्या 625 रेषा असायच्या, त्यातल्या 576 डोळ्यांना दिसायच्या. आजच्या हिशेबात ते चित्र 720 बाय 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत ठिपके. फोर-के पडद्यावर जागा आहे साधारण 83 लाख ठिपक्यांची. मधली भरती टीव्ही स्वतःच्या अंदाजानं करतो. आमटी चार माणसांची आणि पंगतीला ऐंशी बसली तर आचारी काय करणार, पाणीच घालणार.

दुसरी भानगड रेषांची. तेव्हा सेकंदाला 25 चित्रं दोन हप्त्यांत यायची, आधी एक-आड-एक अर्ध्या रेषा, मग उरलेल्या अर्ध्या. पिक्चर ट्यूबवर हे बेमालूम जुळायचं. नव्या पडद्याला अख्खं चित्र एकदम लागतं, म्हणून दोन हप्ते जोडावे लागतात. ज्यानं मालिका चढवली त्यानं ही जोडणी नीट केली नसेल तर कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या कडा दिसतात. तो तुमच्या टीव्हीचा दोष नाही, त्यासाठी पॅनेल बदलू नका. (एकानं बदललं. माझ्याकडे नाही.)

घरी करण्यासारखं एवढंच: 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर आणा, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही 'मोशन' नावाचं असेल ते बंद करा, आणि खुर्ची चार फूट मागे घ्या. शेवटचा उपाय फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

'गजरा', 'चिमणराव' यांचे सगळे भाग का सापडत नाहीत?

कारण त्यातलं बरंच उरलेलंच नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि एका फितीवर पुन्हा पुन्हा ध्वनिचित्रण करता यायचं. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर पुढचा. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ लोकांच्या तोंडात पन्नास वर्षं टिकले, पण बघायला जावं तर तुकडेच हाती लागतात. उद्या कुणी हे घरबसल्या बघायला मागेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? आमच्याकडेच वडिलांनी बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच टेप केली होती. घरात त्यावरून आठवडाभर अबोला होता, आणि दूरदर्शनला मी नावं ठेवू?

म्हणून 'गजरा'चा एखादा तुकडा सापडला तर तो पूर्ण बघा, मध्येच उठू नका.

'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे म्हणतात. खरं का?

रस्त्यांचं मला वडील सांगतात, कारण त्या वेळी रस्त्यावर असणाऱ्या मोजक्या माणसांत ते होते.

25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत, दर रविवारी सकाळी साडेनऊला. एकूण 78 भाग. वडील रविवारी दुकान उघडायचे नाहीत, पण नऊच्या आतच अंघोळ करून, पिशवी भरून तयार बसायचे. पिशवीत मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, फ्यूज, बीयू 208 चे दोन ट्रान्झिस्टर आणि एक हातभर आरसा. सव्वानऊला कुणाचं तरी पोरगं पळत यायचंच: "काका, बाबांनी बोलावलंय, टीव्ही गेला!" संच बरोबर त्याच वेळी का जायचे, याचं वडिलांचं उत्तर साधं होतं. अख्खं गाव एकाच वेळी टीव्ही लावतं, व्होल्टेज पडतं, चित्र चहूबाजूंनी आक्रसतं, स्टॅबिलायझर टकटक करायला लागतो, आणि जो भाग आधीच अर्धमेला आहे तो मान टाकतो.

एकदा शिवाजी पेठेत एका घरी गेले. सोप्यात तीस-चाळीस माणसं, पुढे पोरं, मागे बाया, दारात चपलांचा ढीग. संच लाकडी शटरचा, वर झेंडूचा हार, पुढे उदबत्ती आणि नारळ. वडिलांनी आधी हार उचलला. एक आजी ओरडल्या, "हार काढायचा न्हाई!" वडील म्हणाले, "आजी, हार काढल्याबिगर राम दिसायचा न्हाई." हारानं मागची हवा जायची भोकं बुजली होती आणि आत भट्टी झाली होती.

आता आरसा कशाला, ते सांगतो. मेकॅनिक संचाच्या मागे बसतो. चित्र समोरच्या बाजूला. मागचा स्क्रू फिरवला की पुढे काय झालं हे दिसायला समोर एका खुर्चीवर आरसा टेकवून ठेवायचा आणि मागून मान वाकडी करून त्यात बघायचं. घरातली माणसं सांगतात "आलं, आलं", पण त्यांचं ऐकून जुळवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं येतं. तर वडिलांनी अख्खं 'रामायण' असं बघितलं. मागून, वाकून, आरशात, दहा दहा मिनिटं, वेगवेगळ्या घरांत.

आठवणीत इतकं भारी होतं, आता लावलं तर कंटाळा येतो. असं का?

तुम्ही एकटे नाही. निम्मी गिऱ्हाइकं आठ दिवसांनी हेच सांगतात, जरा लाजत.

एक तर सगळं जुनं भारी नव्हतंच. जे टुकार होतं ते आपण विसरलो आणि चांगलं तेवढं लक्षात ठेवलं. दुसरं, आपल्या दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी बाकी आयुष्यापेक्षा जास्त दाट राहतात, असं मानसशास्त्रवाले सांगतात. तेव्हा बघितलेली मालिका आणि तेव्हाचे आपण, दोन्ही एकाच फितीवर टेप झालेलं असतं. माझ्या एका गिऱ्हाईक बाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी मला एकदा सांगितलं की जुन्याच्या या ओढीला मराठीत दोन शब्द आहेत, स्मरणरंजन आणि गतकातरता. एकात मजा आहे, दुसऱ्यात हुरहुर. मग म्हणाल्या, "सुरुवातीच्या संगीताला पहिला होतो आणि पाचव्या मिनिटाला दुसरा." त्यांच्या टीव्हीचा मी फक्त रिमोट बदलला होता, पण त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

पण सगळ्यात मोठं कारण तुमच्या हातात आहे: तुम्ही ती चुकीच्या मापानं बघताय. त्या मालिका आठवड्याला एक भाग अशा लिहिलेल्या असायच्या. सात दिवसांत लोक विसरणार हे धरून लेखक प्रत्येक भागात मागचं थोडं पुन्हा सांगायचा. पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी परत सांगायची. शेवटी एक गाठ मारून ठेवायची, आणि ती गाठ सोमवारी ऑफिसात, मंगळवारी नळावर, बुधवारी एसटीत सुटायची. आता ॲप काय करतं? पाच सेकंद मोजतं आणि पुढचा भाग लावून टाकतं. गाठ बसायच्या आधीच सुटते, आणि मागची उजळणी पुन्हा पुन्हा ऐकून डोकं उठतं. पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा असतो. तपेलं तोंडाला लावलं आणि मग म्हणालात चव लागली नाही, तर चूक रश्श्याची नाही.

मग एका वेळी किती भाग बघावेत?

साप्ताहिक मालिका असेल तर एक. फार झालं तर दोन, आणि दोन्हींच्या मध्ये चहा.

'महाभारता'चे 94 भाग 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990 असे पावणेदोन वर्षं चालले. मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त साहेबांनी ते नऊ दिवसांत संपवले. दहाव्या दिवशी दुकानात येऊन विचारलं, "आता काय लावू?" चेहरा असा की जेवून उठलेला माणूस, पण काय जेवला ते आठवत नाही. उलट गंगावेशीतल्या एका आजींचं बघण्यासारखं आहे. त्यांना 'टिपरे' लावून दिलं. भाग संपला, कोपऱ्यात पाच, चार, तीन सुरू झालं, तसा त्यांनी पदर सावरत आवाज दिला, "बंद कर बाबा, आज एकच. उद्याला काय ठेवायचं?" रिमोट त्यांना कळत नव्हता, पण मालिका कशी बघायची ते बरोबर कळलं होतं.

ते आकडे मोजणं बंद करता येतं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' असतं, ते काढून टाका. मोबाईलवर यूट्यूब बघत असाल तर व्हिडिओच्या वरच सरकतं बटण असतं. माझ्याकडे टीव्ही लावून घेणाऱ्या प्रत्येकाचं मी हे न विचारता बंद करून देतो. आजवर एकाही माणसानं पुन्हा सुरू करून मागितलेलं नाही.

रोजच्या मालिकांना मात्र हे माप लागू नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, भाग तीन हजारांच्या वर. रोज एक बघितलात तर आठ वर्षं लागतील. पहिले पन्नास बघा, शेवटचे दहा बघा, मधलं शेजारच्या वहिनींना विचारा.

शीर्षकगीत ॲप गाळून टाकतं, काय करावं?

'गाळा' असं बटण येतं, ते दाबू नका, एवढंच. 'गोट्या', 'आभाळमाया', 'वादळवाट' या तिन्हींची शीर्षकगीतं अशोक पत्कींच्या चालीवर आहेत. मालिकेतलं एक नाव आठवत नसलेली माणसंही ती चाल पूर्ण गुणगुणतात. गाणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या माणसाला दिलेली हाक होती. पोळी तव्यावर असायची आणि गाणं संपायच्या आत ती उतरवून यायचं. ते गाळलं तर आई येणार कधी?

पोरं बसत नाहीत आमच्याबरोबर.

नका बसवू. आवाज जरा मोठा ठेवा. 'मालगुडी डेज'चं संगीत सुरू झालं की एखादं पोरगं दारात उभं राहून बघतं. बस म्हणालात की जातं.

कोल्हापूर त्या मालिकांत कुठे होतं?

ही माझी जुनी तक्रार. सिनेमा आमच्या गावानं वाढवला. 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. पण टीव्हीवरची मराठी माणसं बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहायची. आमची बोली आली तर गड्याच्या नाही तर पैलवानाच्या तोंडी, लोकांना हसवायला.

मग 2016 मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' आलं आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. वसगड्याला मालिकेतला वाडा बघायला गाड्याच्या गाड्या यायला लागल्या, माझी मेव्हणी पुण्याहून त्यासाठी आली आणि अंबाबाईचं दर्शन दुसऱ्या दिवसावर ढकललं. मालिका 2021 पर्यंत चालली. पुढे चित्रनगरीत जोतिबावरच्या मालिकेचं चित्रीकरण झालं. आनंदच आहे. पण दर वाक्याला रांगडेपणा दाखवणारा माणूस मला अख्ख्या लक्ष्मीपुरीत अजून भेटलेला नाही. आम्ही बँकेत फॉर्म भरताना साधंच बोलतो. तरी दहा-पंधरा वर्षांनी कुणी तरी हीच मालिका "जुनं भारी होतं" म्हणत लावून मागणार, आणि मी लावून देणार.

पुरात भिजलेल्या व्हिडिओ कॅसेट आहेत. त्यावर टीव्हीवरून टेप केलेल्या मालिका आहेत. काही होईल का?

ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर अशा कॅसेटची पोती आली माझ्याकडे. पंचगंगेचं पाणी दुकानातही होतं, त्यामुळे महिनाभर मला कुणाला काही सांगायची सोय नव्हती.

पहिली गोष्ट: लावून बघू नका. फितीवर गाळ किंवा पांढरी बुरशी असेल तर ती व्हीसीआरच्या हेडला चिकटते. हेडही जातं आणि फीतही खरवडते. उन्हात वाळत घालू नका, हेअर ड्रायर तर नकोच. कॅसेट उभी करून सावलीत, वाऱ्याला ठेवा. बाहेरचं कवच पाच स्क्रूंचं असतं, फीत काढून दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. हे काम हलक्या हाताचं आहे, घाईचं नाही. चालता व्हीसीआर मिळणं त्याहून अवघड, कारण नवे बनवणारी जगातली शेवटची कंपनी 2016 मध्ये थांबली. आता जे आहेत ते जुनेच, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावलेले.

आणि आधी ठरवा की त्यात काय वाचवायचंय. मालिका ॲपवर मिळेल. पण तेव्हा लोक कॅसेट अर्धी रिकामी ठेवत नसत. 'रामायणा'च्या भागानंतर तुमच्या आजोबांची एकसष्टी असू शकते. एका कॅसेटवर खरंच निघाली. सगळ्यांनी सेतू बांधायचा भाग तसाच पुढे पळवला.

डेटा किती जातो?

ॲपमध्ये चित्राचा दर्जा, म्हणजे 'क्वालिटी', 480 वर ठेवा, तासाला 1 जीबीच्या आत राहतं. जुन्या मालिकेला त्याहून वर नेऊन फारसं काही मिळत नाही, मूळ चित्रातच त्याहून फार जास्त नाही.

निम्मी मालिका बघून झाली आणि ॲपवरून गायब झाली. कुठे गेली?

हक्क संपले असतील. मालिका बनवणारा एक, दाखवणारा दुसरा, गाण्याचे हक्क तिसऱ्याकडे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या करारात 'इंटरनेट' हा शब्दच नसायचा. मुदत संपली की मालिका उतरते आणि कुणी तुम्हाला कळवत नाही. माझ्या बायकोची एक मालिका अशीच शेवटून सहाव्या भागाला गेली. मी ग्राहक सेवेला फोन लावला, तर पलीकडून विचारलं, "सर, तोपर्यंत आमची दुसरी नवीन मालिका बघाल का?" केबलवाल्याला निदान गल्लीत गाठता यायचं. थोडे दिवस थांबून यूट्यूबवरच्या अधिकृत चॅनेलवर शोधा, कधी कधी तिथे उगवते.

तुम्ही स्वतः काय बघता?

मी थोडंच. दिवसभर दुसऱ्यांचे टीव्ही बघून घरी मला रेडिओ बरा वाटतो. बघायचं असेल तर 'भारत एक खोज', रविवारी, एक भाग.

बघतात ते वडील. 28 मार्च 2020 पासून, टाळेबंदीत, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं. 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी बघितला असं दूरदर्शननं जाहीर केलं होतं. त्यात एक आमचे वडील. दुकान बंद, बोलावणं कुणाचं येणार नाही, पिशवी खुंटीला. आयुष्यात पहिल्यांदा ते टीव्हीच्या समोर बसून 'रामायण' बघत होते. पहिल्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. चार-पाच दिवसांनी धनुष्याचा प्रसंग आला तसे अस्वस्थ झाले, पुढे सरकले, मला म्हणाले, "चित्र उलटं आलंय. बघ जरा."

मी म्हटलं, बरोबर आहे की. ते म्हणाले, "राम डावखुरा होता. मी बघितलाय."

परवा यूट्यूबवर त्यांना एक भाग लावून दिला. घाईत बघितलं नाही, कुणी तरी चढवलेला तो आरशातला भाग निघाला. कौसल्येचा पदर उजव्या खांद्यावर. मी बदलायला रिमोट उचलला, तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आता बरोबर लागलंय."